कायद्याने दोन झाडं

२५ ऑक्टोबर, शनिवार

आजपासून रोजनिशी. रोज लिहिणार. दहा ओळींच्या वर नाही.

विषय: गांजाची दोन झाडं. कॅनबेरात माणशी दोन झाडं घरी लावायला कायद्याने परवानगी आहे. सिडनीत नाही. म्हणजे टूनगॅबीत राहणाऱ्या माझ्या मेव्हण्याला, शैलेंद्रला, नाही. आज भाऊबीजेचं निमित्त काढून आला, चार वेळा स्वतःच्या कढीपत्त्याचे फोटो दाखवले आणि म्हणाला, यतिनच्या घरात मनी प्लांटसुद्धा टिकत नाही. विनिता हसली. सख्खा भाऊ असेल, पण मी नवरा आहे.

बिया कुठून आल्या ते इथे लिहीत नाही. रोजनिशी असली तरी मी सरकारी नोकर आहे.

मी स्वतः ओढणार नाही. मला उदबत्तीनेही शिंका येतात. हे सगळं तनयासाठी. तिला द्यायचं नाही, कायद्याने देता येत नाही. फक्त दाखवायचं. ती मेलबर्नला मायनिंग इंजिनिअरिंग करते. इथलं युनि घरापासून पंधरा मिनिटांवर असताना. जाताना म्हणाली होती, या घरात मला श्वास घेता येत नाही. घरात तीन एअर प्युरिफायर आहेत.

ती ईस्टरला चार दिवस येणार. मागच्या अंगणात पुरुषभर उंच दोन झाडं बघेल आणि तिला कळेल की बाप तिला वाटतो तितका काही जुनाट नाही. जूनमध्ये डिग्री संपली की मग कॅनबेरातच नोकरी. इथल्या खात्यांमध्ये खाणींच्या फायली भरपूर आहेत. तिची खोली तशीच ठेवली आहे.

विनिताने तिच्या वाट्याच्या दोन झाडांचा हक्क सोडला आहे. दूरदृष्टी नाही.

(दहाच्या वर गेलं. पहिला दिवस.)

४ नोव्हेंबर, मंगळवार

शेजारचा ग्लेन, रिटायर्ड इलेक्ट्रिशियन, कुंपणावर कोपर ठेवून बिअर पीत असतो. तो गेल्या आठवड्यात म्हणाला होता, मेलबर्न कपच्या आधी काहीही बाहेर लावू नकोस, मेट. आज झालेल्या घोड्यांच्या शर्यतीचा आणि झाडांचा काय संबंध? आपल्याकडे याला अंधश्रद्धा म्हणतात, इथे लोकल नॉलेज म्हणतात.

चार रोपं रविवारी बाहेर ठेवली. सोमवारी पहाटे दव गोठलं. दोन गेली.

कायद्याने दोनच चालतात, त्यामुळे एका अर्थी आता आपण नियमात बसलो.

८ नोव्हेंबर, शनिवार

निळ्या चकचकीत चिनी मातीच्या दोन मोठ्या कुंड्या आणल्या. नर्सरीतली नाकात रिंग घातलेली मुलगी विचारत होती की तळाला भोकं पाडून देऊ का. नवी कोरी कुंडी घ्यायची आणि पैसे मोजून तिला भोकं पाडायची! नको म्हटलं. तिने परत विचारलं. या लोकांना नाही म्हटलेलं कळत नाही.

रोपांना नावं ठेवणाऱ्या लोकांची मला कीव येते. माझी आहेत प्लांट ए आणि प्लांट बी.

एक्सेल शीट तयार. टॅब्ज: पाणी, खत, उंची, रिस्क रजिस्टर. बावीस वर्षं प्रोजेक्ट मॅनेजमेंट केलंय. माझ्या हाताखालचा एकही प्रोजेक्ट फॉलो-अप कमी पडला म्हणून बुडालेला नाही. इतर कारणांनी बुडाले.

१३ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी ७.२०

पाण्याचा नियम आईचा. अंघोळ झाली की आधी तुळशीला पाणी, मग चहा. घरातलं झाड म्हणजे घरातलं माणूस, त्याला उपाशी-तहानलेलं ठेवून आपण घास घ्यायचा नाही. दोन्ही कुंड्यांना एकेक तांब्या. ऑफिसमधून आल्यावर आणखी एकेक, कारण इथली हवा कोरडी.

ग्लेन म्हणाला, माती वरून सुकली की मगच पाणी घाल, बोट घालून बघ. इलेक्ट्रिशियन माणूस बोट घालून बघण्याचा सल्ला देतो. त्याने नोकरी कशी केली देव जाणे.

तनयाला रोजच्यासारखा ७.१० ला फोन. उचलला नाही. लेक्चर असेल. ७.२५ ला परत करणार.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

पानं मलूल. खाली मान घालून बसली आहेत. निदान सोपं आहे: तहान. पाणी तीन वेळा केलं.

शिवाय खत सुरू. इथे सगळेच ब्लड अँड बोन नावाचं खत वापरतात. पाच किलोची पिशवी घेऊन घरात शिरलो. विनिताने नाव वाचलं. आज मार्गशीर्षातला गुरुवार, चौरंग मांडलेला, लक्ष्मीची पूजा चाललेली, आणि मी दारात रक्त आणि हाडं घेऊन उभा. तिने पिशवीसकट मला साइड गेटने मागे पाठवलं आणि नळाखाली हातपाय धुऊन मगच घरात घेतलं.

मी समजावलं की झाडाला सोवळं नसतं. ती म्हणाली, झाडाला नसेल, मला आहे.

संध्याकाळी ग्लेनच्या कुत्र्याने प्लांट ए ची कुंडी उकरून अर्धं खत खाल्लं. भरपाई म्हणून दुप्पट घातलं.

१४ डिसेंबर, रविवार

तनया ख्रिसमसला येत नाही. कॅफेत काम धरलंय. कॉफी द्यायला मेलबर्नला राहायचं? इथे मी रोज तीन कप पितो, द्यायला कोणी नाही. तिला चकल्या, चिवडा, व्हिटॅमिन डी आणि एक छत्री कुरियर केली. तिच्या भागात मंगळवारी पाऊस आहे, असा मेसेजही केला. तिने अंगठा पाठवला. शब्द लिहायला किती वेळ लागतो?

शैलेंद्रचा मुलगा दर रविवारी स्वतःहून फोन करतो म्हणे. आपण करायची वेळच येत नाही, असं शैलेंद्र म्हणतो. कढीपत्त्याचंही तो हेच सांगतो: मी काही करतच नाही रे. ही अशी माणसं. करायचं काही नाही आणि वर सांगत फिरायचं.

प्लांट बी चं खालचं एक पान पिवळं. कुपोषण. सीवीड टॉनिक आणलं. बाटलीवर पंधरवड्यातून एकदा असं आहे, पण ते तिकडच्या वकिलांनी लिहिलेलं असतं. रोज एक झाकण.

१० जानेवारी, शनिवार

आज कळलं की या झाडांत नर-मादी वेगळी असतात आणि फक्त मादीचा उपयोग. नर निघाला तर उपटायचा. आयुष्यात दुसऱ्यांदा मुलगी होऊ दे म्हणून देवाला हात जोडले. पहिल्या वेळी कॅनबेराच्या हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये उभा होतो आणि देवाने ऐकलं होतं.

भिंग घेऊन पाऊण तास बघितलं. ए मुलगा. बी मुलगी!

ए ला उपटला. मुळं खेचताना कसलीशी चिखलाची घाण आली. खताचा वास असणार.

तनयाला लगेच फोन करून सांगितलं, मुलगी झाली. ती घाबरली. खुलासा करेपर्यंत तिने आईला फोन लावला होता. नंतर मला म्हणाली, बाबा, आर यू ओके? म्हणजे काळजी आहे. सरप्राइज मात्र फुटलं. झाड आहे एवढंच कळलंय, कसलं ते नाही. मी जास्वंद म्हटलं.

आता ए च्या वाट्याचंही सगळं बी ला. एकुलती एक आहे.

१७ जानेवारी, शनिवार

घरातली फितुरी उघडकीस आली. विनिता नोव्हेंबरपासून रोज तांदूळ धुतलेलं पाणी बी च्या कुंडीत ओततेय. शिवाय चहाचा चोथा. का, तर आईकडे तुळशीत असंच घालायचे. इतकंच नाही, आम्ही दोन दिवस सिडनीला गेलो तेव्हा ग्लेनने कुंपणावरून होज मारला. मी त्याला नुसतं लक्ष ठेव म्हटलं होतं. चव्वेचाळीस डिग्री होतं, बिचारी तहानली असेल असं त्याला वाटलं. सुकल्यावर पाणी घाल म्हणणारा हाच तो.

म्हणजे झाडाला मी समजत होतो त्याच्या दुप्पट मिळत होतं आणि तरीही मान खाली. निष्कर्ष: भूक मोठी आहे. डोस वाढवला.

विनिता म्हणाली, अति तेथे माती. मी म्हटलं, माती आहेच, कुंडीत.

७ फेब्रुवारी, शनिवार

पानांची टोकं करपली आहेत आणि पंजासारखी आत वळली आहेत. इंटरनेटवर या रोगाला खताची विषबाधा म्हणतात. इंटरनेटवर काहीही म्हणतात. आजी म्हणायची, बाळाने मूठ वळली की दुधाची वेळ झाली. ताक, गुळाचं पाणी, एप्सम सॉल्ट सुरू.

तनयाच्या फोनचं लोकेशन बुधवारपासून दिसत नाही. सॉफ्टवेअर अपडेट असणार. तिला सेटिंग परत कसं चालू करायचं त्याचे सहा स्क्रीनशॉट पाठवले, लाल बाणांसह.

८ फेब्रुवारी, रविवार

सॉफ्टवेअर अपडेट नव्हतं. तिनेच बंद केलं. फोन करून सांगितलं की आता फक्त रविवारी बोलायचं, मीच करीन. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला उत्तर देता आलं असतं. विनिता शेजारी बसून कोथिंबीर निवडत होती, ती निवडतच राहिली. तिला आधीपासून माहीत होतं की काय?

ठीक आहे. रविवारी तर रविवारी. मेसेज म्हणजे फोन नव्हे.

२२ फेब्रुवारी, रविवार

तिचा फोन आला नाही. रात्री आठपर्यंत वाट बघून मी फक्त मिस्ड कॉल दिला. पाच.

बी ची उंची गेले सहा आठवडे एक फूट चार इंच. स्थिर आहे. प्रत्येक प्रोजेक्टमध्ये असा कन्सॉलिडेशनचा टप्पा येतो.

१ मार्च, रविवार

गांजावाल्यांच्या एका फोरमवर फोटो टाकला. नाव अर्थातच टोपण. त्रेचाळीस उत्तरं आली. एकेचाळीस जणांनी लिहिलं, पाणी बंद कर, खत बंद कर, तिला एकटी सोड. एकाने विचारलं कुंडीला भोकं आहेत का. एकाने नुसतं आर आय पी लिहिलं.

काय लायकीची माणसं! निम्म्यांना इंग्रजी लिहिता येत नाही, दुपारी बाराला उठत असतील, आणि मला, प्रोजेक्ट मॅनेजमेंटमध्ये पीएमपी सर्टिफाइड माणसाला, शिकवणार. सगळे एकच सांगतात यावरूनच कळतं की कोणी स्वतः विचार केलेला नाही. सगळ्यांना सविस्तर उत्तरं दिली. मॉडरेटरने थ्रेड बंद केला. पुराव्यापुढे निरुत्तर झाले.

आणि काही करू नकोस हा काय सल्ला आहे? काही न करायला माणूस लागतो कशाला? समोर एक जीव मान टाकतोय आणि आपण हाताची घडी घालून बघायचं? मला नाही जमत. माझा बाप तसा होता. हॉस्टेलवर चार वर्षांत एक पत्र. त्यातही फीची पावती मागितली होती.

हे इथे लिहायची गरज नव्हती.

१४ मार्च, शनिवार

मातीतून बारीक काळ्या माश्या उठतात. कडुनिंबाचं तेल, कापूर, धूप. धुराने ग्लेनने फायर ब्रिगेडला फोन करायची तयारी केली होती. घाबरट.

पानं उरली सात. पिवळी आहेत, पण सात आहेत.

२८ मार्च, शनिवार

पानं तीन. गुरुवारी तनया येणार. बी सध्या विश्रांती घेत आहे. लोड कमी केलाय, शक्ती मुळांत साठवतेय. शैलेंद्रने व्हॉट्सॲपवर विचारलं, शेत काय म्हणतंय. मी लिहिलं, उत्तम. त्याने पुन्हा कढीपत्ता पाठवला. माणसाला लाज असावी.

आजपासून दिवसाला चार वेळा पाणी. पाहुण्यांसमोर शोभा नको.

तिच्या खोलीत नवी गादी, नवा दिवा, फ्रीजमध्ये श्रीखंड, बासुंदी, फणसाची भाजी, दोन प्रकारची आमटी. चार दिवसांत बारा जेवणं आणि आठ नाश्ता-चहा, शीट केली आहे.

२ एप्रिल, गुरुवार

आली! वाळली आहे. मी स्टँडवर चाळीस मिनिटं आधी पोचलो होतो. गाडीत तीनदा विचारलं की भूक लागली का. ती म्हणाली, बाबा, मी आत्ता बसमध्ये खाल्लं. घरी आल्यावर चार पोळ्या वाढल्या. दोन खाल्ल्या. तिसरी मी ताटात सारली, तिने उचलून माझ्या ताटात ठेवली. हसून ठेवली.

झाड उद्या उजेडात दाखवणार.

३ एप्रिल, गुड फ्रायडे

दाखवलं. जास्वंद नाही, गांजा आहे हे सांगितलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग खाली बसून हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईस्तोवर. मीही हसलो. का ते नीट कळलं नाही, पण किती वर्षांनी आम्ही दोघं एकाच गोष्टीला हसलो. ती म्हणाली, हे माझ्यासाठी केलंस? मी म्हटलं, कायद्याने परवानगी आहे.

ती ओढत नाही. डोकं दुखतं म्हणाली.

मग तिने कुंडी उचलायला बघितली, हलेना. दोघांनी मिळून आडवी केली. बादलीभर काळं पाणी निघालं. असा वास की विनिताने आतून खिडकी लावली आणि ग्लेन बिअर घेऊन घरात गेला. मुळं म्हणजे भिजून गळलेल्या शेवया. तनयाने बोटाने जरा ओढलं तर खोड हातात आलं. म्हणाली, बाबा, ही गेलीय. बरेच आठवडे झाले असतील.

मला तसं वाटत नाही. तीन पानं होती. शिवाय तिची डिग्री खाणींतली आहे.

पण ती माझ्या शेजारी ओल्या गवतावर बसून राहिली. खांद्यावर हात ठेवला. एकूण प्रोजेक्ट यशस्वी म्हणायला हरकत नाही. नोकरीचं उद्या काढतो. इथल्या सात जागांची यादी प्रिंट केली आहे.

४ एप्रिल, शनिवार

यादी काढायच्या आत तिनेच सांगितलं. नोकरी लागली आहे. जुलैपासून. कालगुर्लीला, सोन्याच्या खाणीवर.

नकाशा बघितला. देशाच्या त्या टोकाला. आधी पर्थला उडायचं, तिथून दुसरं विमान. मध्ये वाळवंट. शैलेंद्रला अजून सांगितलेलं नाही.

सिडनीचीही ऑफर होती, असं विनिता बोलून गेली. सिडनी इथून तीन तास.

दुपारचं श्रीखंड कोणी खाल्लं नाही.

६ एप्रिल, सोमवार

तनया काल गेली. तिकीट आजचं होतं, बदलून घेतलं. कामं आहेत म्हणाली.

स्टँडवर विनिता पार्किंग शोधत होती तेव्हा मी विचारलं, लांब आहे म्हणून घेतलीस का? मला खात्री होती, नाही म्हणेल. पगार, अनुभव, असलं काहीतरी. तिने बॅग खाली ठेवली आणि हो म्हणाली. मराठीत म्हणाली. मग म्हणाली, पहिले तीन महिने येऊ नकोस, मी बोलवीन. रडत होती, पण शब्द फिरवला नाही.

हातात पोळीभाजीचा डबा होता, तो पुढे केला. नको म्हणाली. मी चार पोळ्यांतल्या दोन काढून पिशवीत टाकल्या आणि परत पुढे केला. तो तिने घेतला आणि पार्क केलेल्या गाडीत आईला भेटून आली.

आज सकाळी गाडी झाडताना मागच्या सीटखाली डबा सापडला. आईचा निरोप घेताना राहिला असेल. घाईत विसरतं माणूस.

सात दहा झाले होते. फोन केला नाही. ड्रायव्हिंग सीटवर बसून दोन्ही पोळ्या खाल्ल्या.